मुखपट्टीची कड : श्वसनरक्षक चेहऱ्याला बसण्याच्या परीक्षेचा इतिहास

१

कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेच्या दिशेने जाऊ लागले म्हणजे नवापूर तालुक्यात महामार्गालगत विसरवाडी हे गाव लागते. पुढे नवापूर, आणि राज्याची सीमा ओलांडताच उच्छल व सोनगड. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ या नावाने ओळखला जाई. आज त्याचा क्रमांक ५३ आहे. नवापूरवरून जाणारा ताप्ती खोऱ्यातील लोहमार्ग व हा रस्ता यांनी खानदेश आणि सुरत यांना एकत्र बांधले आहे. या वाटेने माल गेला, मजूर गेले, आणि रोगाची भीतीही आली. १९९४ ते २०२० या सव्वीस वर्षांत या पट्ट्यातील माणसांवर नाकतोंड झाकून घेण्याची पाळी तीन वेळा आली.

पहिला प्रसंग १९९४ च्या सप्टेंबरातील. सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरताच लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांत खानदेशातून तेथे पोटासाठी गेलेली कुटुंबे पुष्कळ होती. त्यांच्या तोंडावर होता तो खिशातला रुमाल अथवा पदराचे टोक. दुसरा प्रसंग २००६ चा. त्या वर्षीच्या जानेवारीअखेरीपासून नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. प्रारंभी हा राणीखेत रोग असावा असा समज होता. परंतु भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत एच-५ एन-१ या विषाणूचे निदान झाले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी ते जाहीर करण्यात आले. भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा हा पहिला उद्रेक होय. बाधित केंद्रांभोवती तीन किलोमीटरांचे वर्तुळ आखून त्यातील सर्व पक्षी मारण्याचा आदेश निघाला. पांढरा झगा, चष्मा, हातमोजे आणि एन-९५ श्वसनरक्षक अशा वेषातील माणसांनी कोंबड्या पकडून, मारून त्या खड्ड्यांत पुरल्या. तिसरा प्रसंग २०२० च्या मार्चपासून सुरू झालेल्या कोविडच्या साथीचा. तेव्हा कापडी घडीपासून एन-९५ पर्यंत सर्व प्रकार एकाच वेळी वापरात आले.

रुमालापासून एन-९५ पर्यंतची ही वाट प्रगतीची आहे यात संशय नाही. तथापि ही प्रगती कशाची, असा प्रश्न विचारला असता तिचे उत्तर बहुधा गाळणीच्या भाषेत दिले जाते : पूर्वीचे कापड कण अडवीत नसे, आजचे अडविते. श्वसनरक्षकाच्या इतिहासाची दुसरी बाजू त्यामुळे झाकली जाते. गाळणी कितीही उत्तम असली तरी तिची कड चेहऱ्याला बसली पाहिजे. आणि ती बसली आहे की नाही, हे ठरविण्याची रीत शोधण्यात मानवाची जवळजवळ एक शतकाची शक्ती खर्ची पडली आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय ही दुसरी बाजू होय.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट ठरेल. 'मुखपट्टी' हा शब्द मराठीत आता रूढ झाला आहे. रूपाने त्याच्या निकटचा 'मुहपत्ती' हा शब्द जैन परंपरेत फार जुना. स्थानकवासी व तेरापंथी साधू तोंडावर जी वस्त्राची घडी बांधतात, तिचा हेतू आपल्या श्वासाने व बोलण्याने हवेतील जीवांना इजा होऊ नये हा आहे. म्हणजे तेथे रक्षण करावयाचे ते बाहेरच्याचे. शस्त्रवैद्याच्या पट्टीचा हेतूही मूलतः असाच. १८९७ साली ब्रेसलाउ येथे मिकुलिच व पॅरिस येथे बर्जर या शस्त्रवैद्यांनी ती वापरावयास आरंभ केला, तो रुग्णाच्या जखमेत आपल्या तोंडातील तुषार पडू नयेत म्हणून. श्वसनरक्षकाचे प्रयोजन याच्या उलट आहे. बाहेरची हवा दूषित आहे असे मानून आतल्या माणसाचे रक्षण करणे, हे त्याचे काम. पहिल्या दोहोंत कड थोडी सैल राहिली तरी हेतू पुष्कळ अंशी साधतो, कारण समोर उडणारे तुषार अडविले म्हणजे झाले. तिसऱ्यात मात्र सैल कड म्हणजे उघडे दार. तिन्ही वस्तूंना एकच नाव मिळाल्याने हा भेद बोलण्यात पुसला गेला, आणि त्याबरोबर परीक्षेची गरजही नजरेआड झाली.

दुसरा शब्द 'बसणे'. इंग्रजीतील 'फिट' या शब्दासाठी मराठीने नवे नाम घडविले नाही. तिच्यापाशी हे क्रियापद होतेच. झाकण डब्याला बसते, अंगरखा अंगाला बसतो, दार चौकटीत बसते. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : कशाला अथवा कशात, हे सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. 'झाकण चांगले आहे' हे विधान एकट्या झाकणाविषयी करता येते. 'झाकण बसते' या विधानाला डबा लागतो. व्याकरणातील ही साधी गोष्ट श्वसनरक्षकाच्या इतिहासाची किल्ली आहे. गाळणीचा कस हा वस्तूचा गुण आहे. तो कारखान्यात तपासता येतो, खोक्यावर छापता येतो, नगांत मोजून पाठविता येतो. बसणे हा वस्तू आणि एक विशिष्ट चेहरा यांच्यामधील संबंध आहे. तो त्या चेहऱ्यावाचून तपासता येत नाही आणि खोक्यावर छापता येत नाही.

३

हा संबंध किती निर्णायक आहे हे थोड्या अंकगणिताने स्पष्ट होईल. 'एन-९५' या नावातील ९५ हा आकडा गाळणीचा आहे. मिनिटाला ८५ लिटर हवा ओढली जात असताना, गाळणीतून निसटावयास सर्वांत सोपे असे सुमारे ०.३ मायक्रॉनचे मिठाचे कण शेकडा ९५ तरी अडले पाहिजेत, असा त्याचा अर्थ. ही परीक्षा गाळणी यंत्रावर घट्ट चिकटवून केली जाते. तेव्हा कडेचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

आता असे समजा की, एका माणसाच्या चेहऱ्यावर हे साधन नीट बसलेले नाही आणि श्वासातील एक दशांश हवा कडेवरून आत येते. बाहेर शंभर कण असतील तर कडेवाटे १० आत आले. उरलेल्या ९० पैकी शेकडा ५ गाळणीतून निसटले, म्हणजे ४.५. एकूण १४.५. या माणसाला अधिक भारी, एकही कण न सोडणारी गाळणी दिली तरी आत १० कण येणारच. उलट गाळणी तीच ठेवून केवळ कड पूर्ण बसविली तर आत येतील ५. महाग गाळणीपेक्षा बसलेली कड अधिक रक्षण करते, हे या उदाहरणावरून उघड आहे. फट अरुंद असली तरी हवेला गाळणीपेक्षा तेथे अडथळा कमी, म्हणून हवा ती वाट आधी धरते. चष्मा लावणाऱ्या कोणालाही याचा अनुभव येतो. काचेवर वाफ धरली की नाकाच्या उंचवट्यापाशी फट आहे, असे समजावे.

बाहेरच्या कणांचे प्रमाण भागिले आतल्या कणांचे प्रमाण, या गुणोत्तराला 'फिट फॅक्टर' म्हणतात. मराठीत त्याला 'बसण्याचा गुणांक' म्हणता येईल. अर्धा चेहरा झाकणाऱ्या साधनासाठी तो निदान १०० असावा, पूर्ण चेहरा झाकणाऱ्यासाठी ५००, असे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ठरलेले आहे. या आकड्यांपर्यंत पोचण्याची वाट मात्र सरळ नव्हती.

४

१९१० च्या अखेरीस मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली आणि काही महिन्यांत सुमारे ६०,००० माणसे दगावली. पेनांग येथे जन्मलेले व केंब्रिज येथे शिकलेले वैद्य वू ल्येन-तेह यांनी हा रोग श्वासावाटे पसरतो असे ओळखून जाळीदार सुती कापडाच्या थरांत कापसाची घडी घातलेली पट्टी सर्व सेवकांना बांधावयास लावली. मेनी नावाच्या फ्रेंच वैद्याने ही सूचना मानली नाही आणि १९११ च्या जानेवारीत हार्बिन येथे तो याच रोगाने मरण पावला. पट्टीच्या बाजूने याहून प्रभावी साक्ष कोणती असणार? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुकदेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्लेग परिषदेनंतर ही पट्टी जगभर प्रसिद्ध झाली.

परंतु विज्ञानाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे पाऊल पुढल्या वर्षी पडले. १९१२ साली बार्बर व टीग या संशोधकांनी फिलिपिन्समध्ये प्लेगसाठी वापरावयाच्या निरनिराळ्या पट्ट्यांवर प्रयोग केले. लाल रंग धरणाऱ्या आणि म्हणून सहज ओळखता येणाऱ्या एका जंतूचे तुषार उडवून पट्टीच्या आत तो पोचतो की काय हे त्यांनी पाहिले. आणि तो पोचतो असे आढळले. येथे पट्टीची परीक्षा प्रथमच माणसाच्या चेहऱ्यावर, ज्ञात पदार्थ हवेत सोडून झाली. पुढील सर्व परीक्षांचा सांगाडा हाच आहे : हवेत काही ओळखू येईल असे सोडावे, आणि ते आत आले का हे पाहावे.

दुसरा टप्पा युद्धाचा. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्र येथे क्लोरीन वायू सोडण्यात आला आणि चारच दिवसांनी भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच रणभूमीवर चढाईस गेली. त्या शिपायांपाशी रक्षणाला ओल्या फडक्यापलीकडे फारसे काही नव्हते. पुढे वर्षभरात डोक्यावरून ओढावयाच्या पिशव्या निघाल्या, आणि १९१६ मध्ये ब्रिटिशांनी 'स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर' हे साधन आणले. त्याची रचना लक्षणीय आहे. चेहऱ्यावर रबरी कापडाचा मुखवटा होताच. शिवाय आत नाकाला चिमटा आणि दातांत धरावयाची नळी होती. मुखवट्याची कड गळली तरी श्वास नळीतूनच, म्हणजे गाळणीतूनच घेतला जावा, अशी ही योजना. चेहऱ्यांची विविधता एका मुखवट्याला आवरत नाही याची ती स्पष्ट कबुली होय. तिची किंमतही तशीच स्पष्ट होती : नळी तोंडात धरलेला माणूस बोलू शकत नाही. श्वास राखण्यासाठी वाचा सोडावी लागली, आणि आज्ञा देणाऱ्या अधिकाऱ्यांना ती अडचण फार जाणवली.

याच काळात शिपायाला मुखवटा चढवून अश्रुवायू भरलेल्या खोलीत नेण्याची रीत पडली. डोळे चुरचुरले तर मुखवटा बसलेला नाही. यात यंत्र नाही, आकडा नाही; माणसाचे इंद्रिय हेच उपकरण. प्रत्येक शिपायाची, त्याच्या स्वतःच्या मुखवट्यासह घेतलेली ही परीक्षा आजच्या 'फिट टेस्ट'ची जननी मानण्यास हरकत नाही.

युद्धानंतर ही रीत खाणींकडे व कारखान्यांकडे वळली. अमेरिकेच्या खाण विभागाने १९१९ पासून श्वसनसाधनांना मान्यता देण्यास सुरुवात केली आणि १९३४ मध्ये धुळीच्या श्वसनरक्षकांसाठी नियम घातले. परीक्षेसाठी पुढे जे पदार्थ रूढ झाले त्यांत आयसोअमिल ॲसिटेट हे द्रव्य येते. त्याचा वास पिकल्या केळ्याचा, तेव्हा खानदेशातील माणसाला तो ओळखणे अवघड जाऊ नये. परंतु वायू अडविणारी गाळणी असेल तेथेच हा वास उपयोगी. कण अडविणाऱ्या गाळणीतून तो सरळ आत येतो, मग कड बसलेली असो वा नसो. म्हणून कणांच्या साधनांसाठी सॅकरिनच्या द्रावणाचे बारीक तुषार वापरण्याची पद्धत आली. गोड चव लागली की साधन नापास. १९८२ साली शिशाच्या धुळीविषयीच्या अमेरिकन नियमांत या इंद्रियगम्य परीक्षांना अधिकृत स्थान मिळाले. १९९५ मध्ये गाळण्यांचे नवे वर्गीकरण येऊन 'एन-९५' हे नाव जन्मास आले. आणि १९९८ च्या नियमांनी घट्ट बसणारे श्वसनरक्षक वापरणाऱ्या प्रत्येक कामगाराची वापरापूर्वी व त्यानंतर वर्षातून निदान एकदा परीक्षा घेणे मालकावर बंधनकारक केले. कण मोजणारी यंत्रेही तोवर हाताशी आली होती, त्यामुळे गुणांक थेट आकड्यात मिळू लागला.

येथे भारतातील एक तुलना उद्बोधक ठरते. १९४८ च्या कारखाने कायद्यात विषारी वाफांच्या बंदिस्त जागांसाठी श्वसनसाधने सज्ज ठेवावीत, ती वापरण्यास योग्य असल्याची खात्री जाणकाराने ठराविक काळाने करून द्यावी आणि पुरेशा कामगारांना त्यांच्या वापराचा सराव द्यावा, अशी तरतूद होती. कायदा चांगला होता. पण योग्यतेचा दाखला द्यावयाचा तो साधनाला. ते ज्याच्या चेहऱ्यावर चढावयाचे, त्याचा चेहरा त्या दाखल्याच्या कक्षेत येत नव्हता. वस्तूचा गुण आणि वस्तूचा संबंध यांतील जो भेद वर सांगितला, तो कायद्याच्या वाक्यरचनेतही असा उमटतो.

५

चेहरा परीक्षेत आला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो : कोणाचा चेहरा? १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लॉस ॲलॅमॉस प्रयोगशाळेने पंचवीस माणसांचा एक नमुनासंच ठरविला. चेहऱ्याची लांबी व रुंदी, अथवा लांबी व ओठांची रुंदी, या मापांनी चौकटी आखून त्यांत ही माणसे वाटली होती. मापे घेतलेली होती ती १९६७-६८ च्या सुमारास अमेरिकन वायुदलातील सैनिकांची. पुढे २००३ मध्ये ३,९९७ कामगारांचे चेहरे मोजले असता जुन्या चौकटीबाहेर सुमारे शेकडा पंधरा चेहरे पडतात असे दिसून आले. अमेरिकेतल्या कामगारांना अमेरिकेतलाच सैनिक प्रतिनिधी पुरला नाही, तेथे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाची कथा काय?

भारतीय मानक ९४७३ हे २००२ चे. त्यात कण गाळणाऱ्या अर्धमुखपट्ट्यांचे एफएफपी-१, एफएफपी-२ व एफएफपी-३ असे वर्ग आहेत आणि ते युरोपीय मानक १४९ च्या धर्तीवर बेतलेले आहेत. या युरोपीय मानकाची एक विशेष थोरवी अशी की, त्यात गाळणीबरोबर कडेचीही परीक्षा माणसांवर घेतली जाते. दहा माणसे पट्टी बांधून चालत्या पट्ट्यावर चालतात, मान डावी-उजवीकडे व वर-खाली करतात, मोठ्याने बोलतात. आणि आत आलेले मिठाचे कण मोजले जातात. एफएफपी-२ साठी दहांपैकी निदान आठांच्या बाबतीत सरासरी गळती शेकडा ८ च्या आत हवी. दहांपैकी दोघांना ती बसली नाही तरी पट्टी उत्तीर्ण होते, हे येथे ध्यानात ठेवावे. शिवाय ही दहा माणसे दाढी नसलेली आणि अशा साधनांना सरावलेली असावीत अशी अट आहे.

दाढीचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. कडेखाली केस आले की फट पडतेच. कोविडच्या काळात इंग्लंडमधील शीख वैद्यांपुढे हा प्रश्न धर्माचा होऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी दाढी बांधण्याच्या पारंपरिक 'ठाठा'चा आधार घेतला. दाढीवर ताणणारे गुळगुळीत आच्छादन बांधून त्यावर श्वसनरक्षक चढवावयाचा. या रीतीने पट्टी बांधलेले बहुतेक वैद्य परीक्षेत उतरल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. परीक्षा होती म्हणून हा उपाय सिद्ध करता आला, ही त्यातील शिकण्याची गोष्ट. परीक्षा नसती तर तो केवळ एक दावा ठरला असता.

आता बोलण्याकडे वळू. पहिल्या महायुद्धातील साधनाने माणसाची वाचा बंद केली होती. आधुनिक परीक्षेने तीच वाचा परीक्षेचे अंग केली. बोलताना खालचा जबडा सतत हलतो आणि हनुवटीपाशी कड सुटण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. अमेरिकन पद्धतीत यासाठी इंद्रधनुष्यावरील एक ठराविक उतारा मोठ्याने वाचण्याची सोय आहे. तो ग्रँट फेअरबँक्स या वाणीशास्त्रज्ञाच्या १९४० मधील उच्चारपुस्तकाने प्रसिद्धीस आणला. त्याऐवजी शंभरपासून उलटे आकडे म्हटले किंवा पाठ असलेली कविता वा गाणे म्हटले तरी चालते. युरोपीय मानकात वर्णमाला म्हणण्याची पद्धत आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या सर्वांत मोठा फरक आहे. रोमन वर्णमाला म्हणजे अक्षरांच्या नावांची यादी. उच्चारस्थानांशी तिच्या क्रमाचा संबंध नाही. नागरी वर्णमाला उच्चारस्थानांच्या क्रमानेच रचलेली आहे. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत ती मुखाची एक पाहणीच करते, आणि प्रत्येक वर्गात अल्पप्राणामागून महाप्राण येऊन श्वासाचा झोत वाढतो. बाराखडीत याहून अधिक आहे. 'प'ची बाराखडी घ्या. मिटलेले ओठ 'पा' म्हणताना पूर्ण उघडून जबडा खाली येतो, 'पी' म्हणताना ओठ ताणले जातात, 'पू' म्हणताना पुढे येऊन वाटोळे होतात, 'पै' आणि 'पौ' म्हणताना एका आकारातून दुसऱ्यात सरकतात. कडेला जितक्या दिशांनी ओढ बसावी तितक्या दिशांनी ती येथे थोडक्या अवकाशात बसते. शाळेत ज्याने बाराखडी घोकली त्याच्यापाशी ही सामग्री तयार आहे.

नवापूर तालुक्यात मात्र अनेकांची घरची बोली मराठी नाही. मावची, गामीत, कोकणी आणि भिल्लीची निरनिराळी रूपे येथे बोलली जातात. ग्रियर्सनच्या भाषापाहणीच्या नवव्या खंडात, भिल्ली व खानदेशी बोलींना वाहिलेल्या १९०७ मधील भागात, मावचीची नोंद आहे. त्या पाहणीत प्रत्येक बोलीकडून एकच उधळ्या पुत्राची कथा वदवून घेतली होती. तुलनेसाठी ठराविक उतारा हवा हे शास्त्राला मान्य. पण श्वसनरक्षकाच्या परीक्षेत तुलना करावयाची ती बोलींची नव्हे. कामावर असताना माणूस जसा बोलेल तसा त्याचा जबडा हलला पाहिजे. म्हणून परक्या भाषेतील उतारा अडखळत वाचण्यापेक्षा आपल्या बोलीतील पाठ असलेले गाणे मोकळ्या गळ्याने म्हणणे ही अधिक खरी परीक्षा ठरेल. आणि नियमाची त्याला आडकाठी नाही.

६

एवढ्या विवेचनानंतर २००६ च्या नवापूरकडे पुन्हा पाहता येईल. पक्षी मारण्याचे काम श्वसनरक्षकाला सर्वांत प्रतिकूल. बंद शेडमध्ये हजारो पक्षी फडफडत असतात. पिसे, विष्ठा आणि भुसा यांची धूळ उडते. माणूस वाकतो, धावतो, साथीदाराला हाका मारतो. झग्याच्या आत घाम सुटतो आणि घामावर कड घसरते. परीक्षेतील मान वळविणे, खाली वाकणे, बोलणे या कृती म्हणजे याच श्रमांची संक्षिप्त आवृत्ती होय. त्या उद्रेकात माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत तपासलेले मानवी नमुने निर्दोष निघाले. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु तीवरून मुखपट्ट्या बसल्या होत्या असा निष्कर्ष काढता येत नाही. काम करणाऱ्यांना ऑसेल्टामिव्हिर हे औषधही दिले होते, आणि मूळ विषाणूच माणसाला सहजी लागत नव्हता. लागला तर मात्र तो सोडीत नाही : जगभर नोंदलेल्या मानवी रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले आहेत, आणि जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एका मुलाचा मृत्यू होऊन भारतातही ही नोंद झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत हा रोग पुन्हा आला होता आणि पांढऱ्या झग्यातील माणसांना तेच काम पुन्हा करावे लागले होते. ज्या संकटाची पुनरावृत्ती होते त्यात पहिल्या वेळी निभावले, एवढ्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे.

गळती तपासण्याची साधी रीत दुर्गम तालुक्याच्या आवाक्याबाहेरची आहे असेही नाही. सॅकरिनच्या परीक्षेला डोक्यावरून घ्यावयाची एक पारदर्शक टोपी, तुषार उडविणारा हातातला फुगा व दोन द्रावणे एवढेच लागते. आरंभी पट्टीवाचून सौम्य द्रावण उडवून माणसाला गोडी कळते की नाही हे पाहावयाचे. कारण ज्याला ती कळतच नाही त्याचे 'काही लागले नाही' हे उत्तर निरर्थक. मग पट्टी चढवून तीव्र द्रावण उडवावयाचे आणि ठरलेल्या हालचाली एकेक मिनिट करवून घ्यावयाच्या. त्यापूर्वी पंधरा मिनिटे खाणेपिणे वर्ज्य. एका माणसाला पाव तास ते अर्धा तास पुरतो. नापास झालेल्याला दुसऱ्या आकाराची पट्टी द्यावी लागते, आणि म्हणून भांडारात एकाहून अधिक आकार हवेत. खरा खर्च येतो तो येथे. पट्टीवर ओंजळ धरून जोराने श्वास सोडून पाहणे ही दररोजची खबरदारी चांगलीच. पण ती या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही, हे नियमकर्त्यांनीही स्पष्ट केले आहे.

विसरवाडी तीन किलोमीटरांच्या त्या वर्तुळाच्या बाहेर होती. पण साथीच्या काळात हाताला मिळेल तो माणूस कामाला जुंपला जातो आणि तो अशाच शेजारच्या गावांतून येतो. त्याच्या हाती पट्टी पडते ती दूरच्या दहा चेहऱ्यांवर उतरलेली. त्याच्या चेहऱ्यावर ती उतरते की नाही हे साथ आल्यावर तपासण्यास सवड नसते. ते आधी, शांततेच्या दिवसांत, नावनिशीवार तपासून ठेवावे लागते. मुकदेनपासून आजवरच्या इतिहासाचा निष्कर्ष इतकाच आहे की, साठ्याच्या वहीत नगांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना हवा : ही पट्टी, या आकाराची, या माणसाला बसते. तो रकाना भरेपर्यंत श्वसनरक्षक वाटला गेला एवढेच म्हणता येईल. रक्षण झाले असे म्हणता येणार नाही.